परवा ये

खुर्ची जागेवर नव्हती. बुधवारी सकाळी नूतन मोकल रोह्याच्या कॉलेजच्या ऑफिसात आली, डबा खणात सरकवला, खिडकी क्रमांक दोनची फळी वर केली आणि सवयीनं डावा हात शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर टेकायला गेली, तर हाताला काहीच लागलं नाही. अकरा वर्षं तिथं एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. मागचा एक पाय तडकलेला, त्याला तारेचे वेढे. बसणाऱ्याला जरा सांभाळूनच बसावं लागे. तिनं वाकून टेबलाखाली पाहिलं. खुर्ची काय टाचणी आहे टेबलाखाली जायला! मग मान वर केली तेव्हा ती दिसली. ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला, जिथं काल संध्याकाळपर्यंत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेले असत तिथं, आकाशी पडदा लागला होता. पडद्याशी छोटं टेबल, टेबलावर बाटलीत मनीप्लांट, भिंतीवर छापील पाटी, ‘संवाद कोपरा’. टेबलामागं ऑफिसातली तरुण क्लार्क सुरभी, आणि सुरभीच्या समोर नूतनची निळी खुर्ची. कोणीतरी ती साबणानं घासून काढली होती. खुर्ची इतकी निळी आहे हे नूतनला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

“कान्हू, इथली खुर्ची कोणी हलवली?” तिनं शिपायाला विचारलं.

“सरांनी सांगितलं, मॅडम. सुरभी मॅडमचं ट्रेनिंग झालं ना, आता पोरं तिकडं बसणार हायत. तुमच्याकडं काय, पोरांचं काम उभ्या उभ्या बी होईल. खुर्ची नुसती जागा अडवून व्हती.”

नूतन ‘बरं’ म्हणाली आणि आवक रजिस्टर उघडून बसली. पोटात दुखणं म्हणतात ते खरोखर पोटातच दुखतं हे तिला तेव्हा कळलं. बेंबीच्या वर चार बोटं, उपाशीपोटी चहा घेतल्यावर जळजळतं तसं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, मुलगा शिकून परगावी नोकरीला लागलेला, नवरा धाटावच्या कंपनीत सुपरवायझर, वरसेत स्वतःचा फ्लॅट, आणि हिला एका मोडक्या पायाच्या खुर्चीचं एवढं लागावं! तिनं स्वतःला दटावून पाहिलं. पण मन कुठं दटावल्यानं ऐकतं? ते पडद्याकडंच बघत बसलं. पडदा छान होता, हेही तिला खुपलं. वाईट असता तर बरं वाटलं असतं.

या सुरभीला घडवली कोणी? चार वर्षांपूर्वी कंत्राटी क्लार्क म्हणून आली तेव्हा तिला जावक क्रमांक कुठं टाकतात हे ठाऊक नव्हतं. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठं अडतो, सरांकडं सहीला कधी जायचं आणि कधी नाही, चिडलेल्या पालकाला आधी पाणी द्यायचं की आधी बोलू द्यायचं, हे सगळं नूतननं तिला शिकवलं, तेही स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्या पुढ्यात सरकवत. पोर गुणी होती. फटाफट टाइप करायची, हसून बोलायची, चुकलं की लगेच कबूल करायची. नूतनला तिचं कौतुक होतं, अगदी मनापासून होतं, आणि ते नोव्हेंबरातल्या त्या पत्रापर्यंत टिकलं. ते पत्र आवक रजिस्टरला नूतननंच स्वतःच्या हातानं चढवलं होतं. ‘विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्य आणि यश: शिक्षकेतर कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण. पाच शनिवार, पेण येथे. प्रत्येक महाविद्यालयातून एक कर्मचारी, ज्याचा विद्यार्थ्यांशी रोज थेट संबंध येतो असा.’ शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली. एवढं नेमकं आपल्याविषयी कोणी लिहील असं तिला वाटलं नव्हतं. दोन दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते. मोतिया रंगाची साडी इस्त्रीला टाकली. पेणला जायचं म्हणजे माहेर जवळ. ट्रेनिंग सुटलं की जोह्याला भावाकडं चक्कर टाकू, एवढंसुद्धा ठरवून झालं. तिसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं.

“नूतनताई, तुमचंच नाव डोक्यात होतं,” प्राचार्य म्हणाले, आणि हे खोटं आहे हे दोघांनाही कळलं. “पण दाखल्यांच्या उशिराच्या तुमच्यावर तीन लेखी तक्रारी आहेत. नाव वर पाठवायचं तर ते दिसतं. शिवाय सुरभीला कॉम्प्युटर येतो, तिथं प्रेझेंटेशन वगैरे करावं लागतं.”

तक्रारी खोट्या नव्हत्या. कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला पोर खिडकीशी आलं की नूतन तो त्या दिवशी कधीच देत नसे. “सरांची सही नाही झाली. परवा ये,” म्हणायची, सर शेजारच्या खोलीत मोकळे बसलेले असले तरी. परवा आलं की कधी शिक्का सापडत नसे, कधी रजिस्टर ऑडिटला गेलेलं असे. “आत येऊन जरा बस, बघते,” म्हणून ती निळी खुर्ची पुढं करायची आणि आपण काहीतरी शोधत राहायची. बसलेलं पोर बोलतं. उभं पोर कागद घेतं आणि जातं, बसलेलं बोलतं, एवढंच तिचं ज्ञान. कोणाचं लग्न ठरवलेलं असे, कोणाला कंपनीत कंत्राटावर चिकटवायचं असे, कोणाचा एका विषयात नापास झाल्यानं धीर सुटलेला असे, आणि काहींना आपल्याला काय झालंय हेच सांगता येत नसे. तीच पोरं जास्त वेळ बसत. काही शेवटी दाखला घेऊन जात, मग ती तो नीट पाकिटात घालून देई. काही नेतच नसत. ही काही पद्धत आहे असं तिला स्वतःला वाटत नव्हतं. ऑफिसला वाटे मोकल मॅडम कामाला संथ आहेत, आणि तिनं त्यांना तसं वाटू दिलं होतं.

आधी ती संथ नव्हती. अकरा वर्षांपूर्वी खिडकी क्रमांक दोन ऑफिसात सगळ्यात चपळ होती आणि नूतनला त्याचा तोरा होता. दिपिका नावाची एक मुलगी दाखला मागायला आली, कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं, आणि नूतननं दहा मिनिटांत दाखला तिच्या हातात ठेवला. मुलगी थँक्यू म्हणाली. नूतनला तो थँक्यू अजून ऐकू येई. आठव्या दिवशी खिडकीशी एक माणूस आला, दत्तात्रेय नावाचा, गागोद्याकडचा शेतकरी. पायांना भाताच्या खाचरातला चिखल वाळलेला. त्यानं चार घड्या घातलेला दाखला जाळीतून आत सरकवला. “माझ्या दिपिकाचा हाय. सुट्टी लागली म्हणून घरी आली व्हती. आमाला काय ठावं नाय. हा तिच्या वहीत सापडला. आता पोर नाय. कॉलेजचा कागद हाय, म्हटलं कॉलेजात देऊन टाकू.” पोर आजारानं गेली नव्हती, एवढं नूतनला न विचारता कळलं. त्या माणसाला बसायला सांगावं म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं, पण खिडकीशी बसायला काही नव्हतंच. तो जाळी धरून उभा राहिला आणि मग गेला. दुसऱ्या दिवशी नूतननं प्रयोगशाळेच्या भंगारातून ही निळी खुर्ची उचलून आणली आणि स्वतः तार गुंडाळली. तो दाखला तिच्या खणात, तळाच्या वर्तमानपत्राखाली होता. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

पण मत्सराला असल्या गोष्टींची लाज नसते. ‘बघा, मी किती वर्षं हे करतेय, आणि मान दुसरीला’ म्हणताना तिनं मनातल्या मनात दिपिकालाही साक्षीला उभं केलं होतं, आणि मग स्वतःचीच किळस येऊन रजिस्टरात डोकं खुपसलं होतं. पाच शनिवार तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. शनिवारी सकाळी स्वयंपाक करताना तिला दिसे, सुरभी आता एसटीत खिडकीची जागा धरून बसली असेल, आता नागोठणं, आता वडखळचा नाका, आता पेण. सोमवारी सुरभी सांगत येई. “ताई, तिथं जोड्या लावतात. पाच मिनिटं एकानं बोलायचं, दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. मधे सल्ला दिला की आउट.” “गप्प बसायला ट्रेनिंग कशाला लागतं?” नूतननं विचारलं होतं. सुरभी हसली. “लागतं ना, ताई. मला दुसऱ्याच मिनिटाला आउट केलं!” आणि दर सोमवारी पिशवीतून पोह्याच्या पापडांचं पाकीट काढून द्यायची. “तुमच्या माहेरचे.” पोरीच्या मनात काही नव्हतं, हे नूतनलाही दिसत होतं, तरी तिच्याच माहेरचे पापड तिलाच कोणीतरी प्रवासाहून आणून द्यावेत याचा तिला असा काही राग यायचा की हसून ‘अगं कशाला’ म्हणताना जबडा दुखायचा. पाचही पाकिटं तिनं न फोडता डब्यात टाकली होती.

हे असं पूर्वीही झालं होतं. जोह्याला बापाच्या कारखान्यात गणपतींची ओळ लागायची तेव्हा नूतन पंधरा वर्षांची होती आणि पितांबर रंगवायची. तिची काठाची रेघ कधी हलली नाही. पण डोळ्यांची आखणी वेगळी. डोळे सगळ्यात शेवटी काढतात आणि ज्याच्या त्याच्या हाती तो ब्रश देत नाहीत. त्या वर्षी बापानं तो धाकट्या चुलत बहिणीला दिला, तेरा वर्षांच्या पोरीला. “नूतनचा हात चांगला हाय, पण लय वेळ लावते. मूर्त्या उद्या गाडीत चढवायच्या हायत,” तो सहज बोलून गेला. नूतन समोर बसून बघत राहिली. दोन रेघा, एक ठिपका, आणि इतका वेळ शाडूची असलेली मूर्ती एकदम बघायला लागायची. पहिल्यांदा बघायची ती आखणी करणाऱ्याकडं. मग बाकीच्यांकडं. नूतनला वाटलं होतं, आपण हजार पितांबर रंगवले तरी कोणी आपल्याकडं पहिल्यांदा बघणार नाही. ती गोष्ट विसरून तीस वर्षं झाली होती, आणि आता पडद्याच्या आडून कोणा पोराचं बोलणं आणि सुरभीचं ‘हं... हं...’ ऐकताना ती जशीच्या तशी वर आली.

साडेबाराच्या सुमाराला खिडकीशी किमया आली. सेकंड इयर सायन्स. घर पेणच्या खाडीकडं, बाप मिठागरात. इथं वरसेत मामाकडं राहायची, नूतनच्या दोन गल्ल्या सोडून. महिनाभर ती रिक्षा सोडून पायी येताना दिसत होती, ओढणीत हात गुंडाळून, कडेकडेनं. एकदा तर नूतननं हाक मारली तेव्हा तिला ऐकूच गेलं नव्हतं. “मॅडम, दाखला पायजे,” ती म्हणाली. “कॉलेज सोडल्याचा.” अर्ज भरून आणला होता. कारण: घरगुती.

नूतनचा हात आपोआप डावीकडं गेला आणि परत रिकामा आला. त्याच क्षणी पडद्याकडून सुरभीच्या हसण्याचा आवाज आला. त्या एका क्षणाकडं ती नंतर पुन्हा पुन्हा गेली. तिथं दुसरं काहीही होऊ शकलं असतं. उभ्यानंच ‘परवा ये’ म्हणता आलं असतं, त्याला काही खुर्ची लागत नव्हती. पण ती म्हणाली, “बोलायचं असेल तर तिकडं संवाद कोपरा आहे. ट्रेनिंग घेतलेल्या मॅडम आहेत.”

“नको. दाखलाच पायजे.”

एवढं बोलून मुलगी गप्प उभी राहिली. जाळीतून नूतनच्या तोंडाकडं बघत राहिली, जसं काही अजून नूतननं बोलायचं राहिलेलं आहे. नूतनला ते दिसलं, आणि तिनं मान खाली घालून दाखल्याचं पुस्तक काढलं. कान्हूला ग्रंथालयात पिटाळून ‘बाकी नाही’चा शिक्का आणवला. सरांपुढं कागद ठेवला तेव्हा सर म्हणाले, “अरे वा, आज लगेच!” अठराव्या मिनिटाला दाखला जाळीतून बाहेर गेला. किमयानं तो घेतला, एकदा उलटून पाहिला आणि गेली. थँक्यू म्हणाली नाही. नूतनच्या अंगातून एक गोड गरम लाट गेली. घ्या, तुम्ही घेतलंय ना ट्रेनिंग, तुमच्या नाकासमोरून गेली, बघू तुम्हाला काय कळतं! असं तिनं मनाशी शब्दांत म्हटलं. तिला नंतर नाकारता येऊ नये इतक्या स्पष्ट शब्दांत म्हटलं.

ती लाट चार वाजेपर्यंत पुरली. अर्ज फाइलला लावताना ‘घरगुती’ या शब्दावर तिचं बोट थांबलं. मुलीनं तो इतका दाबून लिहिला होता की मागच्या बाजूला वळ उठले होते. सुरभीला सांगावं असं वाटलं आणि त्याच दमात वाटलं, हिला? पाच वाजता सुरभी जाताना तिच्या टेबलाशी थांबली, “ताई, खुर्चीचं मला माहीत नव्हतं हां, मी उद्या दुसरी मागते,” म्हणाली, आणि नूतन म्हणाली, “राहू दे गं, मला कशाला हवीय.” वरसेला उतरल्यावर वाण्याकडं किमयाची मामी भेटली. डाळ घेता घेता म्हणाली, “आमची किमया गेली गावाला. दुपारच्याच गाडीनं गेली. सुट्टी लागली म्हणे कालेजला. जेवलीसुद्धा नाय गो.”

सुट्टी लागली म्हणून घरी आली व्हती. नूतनला वाण्याच्या दुकानात, तराजूच्या समोर, दत्तात्रेयचा आवाज इतका जवळून आला की तिनं मागं वळून पाहिलं. घरी येऊन तिनं किमयाच्या नंबरावर चारदा फोन लावला. बंद. बापाच्या नंबरावर नुसती रिंग. नवरा दुसऱ्या शिफ्टला होता. ती ओट्याशी पापडांचा डबा उघडून बघत राहिली, पाच पाकिटं, आणि तिला वाटलं, आपण काय केलं हे आपल्याला नेमकं माहीत आहे. आपण चूक केलेली नाही, चूक वेगळी असते. दिपिकाच्या वेळी चूक झाली होती.

गुरुवारी ऑफिस उघडलं तेव्हा ती कान्हूच्याही आधी दारात होती. सुरभी आली तशी नूतन तिच्या मागोमाग पडद्याशी गेली आणि निळ्या खुर्चीत धपकन बसली. खुर्ची मागं कलंडली. ती सांभाळून बसायला विसरली होती. इतक्या पोरांना त्या खुर्चीत बसवलं पण आपण कधी बसलो नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तार पोटरीला टोचत होती. “काल किमयाला दाखला दिला,” ती म्हणाली. सुरभी काही बोलली नाही. नुसती बघत राहिली. “लगेच दिला. अठरा मिनिटांत.” तरी ती गप्पच. त्या शिकवलेल्या गप्प बसण्याचा नूतनला भयंकर राग आला, आणि त्या रागातच ती बोलत सुटली. मामीचं, सुट्टीचं, बंद फोनचं सांगितलं, आणि शेवटी, थांबायचं ठरवूनसुद्धा, “तुझ्यावरच्या रागानं दिला. मला पोटात दुखत होतं तुझं. तू पेणला गेलीस म्हणून, ही खुर्ची नेलीस म्हणून. तुला कळू नये आणि पोर निसटावी असं मला वाटलं,” असंही तिच्या तोंडून गेलं. बोलून झाल्यावर तिला कळलं की पाच मिनिटं झाली आहेत आणि सुरभी आउट झालेली नाही. म्हणजे हे खरंच शिकता येतं तर. त्याही घटकेला तिला त्याचा हेवा वाटला.

सुरभीनं ‘असं कसं केलंत’ म्हटलं नाही. फोन उचलला आणि किमयाच्या बापाचा नंबर लावत राहिली, तिसऱ्यांदा, पाचव्यांदा. सातव्यांदा आईनं उचलला. “किमया घरी आहे ना? बरं. मी कॉलेजातून बोलतेय. तिला रागावू नका, पण आज तिला एकटं सोडू नका. कामावर जाऊ नका, तिच्याजवळ बसा. आम्ही येतोय.” मग पेणच्या ट्रेनिंगमधल्या डॉक्टरबाईंना लावला आणि सोमवारची वेळ घेतली. हे सगळं दहा मिनिटांत. नूतन बघत होती. एकटं सोडू नका, हे तिला सुचलं नसतं. अकरा वर्षांत तिनं फक्त वेळ काढला होता; पुढं काय करायचं असतं ते तिला कोणी सांगितलंच नव्हतं. फोन ठेवून सुरभी तिच्याकडं वळली. “ताई, मला हे फक्त वहीत येतं,” ती म्हणाली. “तुम्ही चला माझ्याबरोबर.”

दोघी पावणेअकराच्या एसटीत शेजारी बसल्या. सुरभीनं तिला खिडकी दिली. नागोठणं गेलं, आमटेमच्या पुढं वालाच्या शेंगा तोडणाऱ्या बाया दिसल्या. पाच शनिवार जो रस्ता ती स्वयंपाकघरात उभी राहून सुरभीच्या नावानं चालली होती तो आता खरोखर चाकाखालून जात होता, आणि तिला त्यातलं काही नको होतं. मुलगी घरी आहे, आई जवळ आहे, असं ती मनात घोकत राहिली. वडखळला उतरून रिक्षा केली. खाडीच्या बांधाशी गाव संपलं आणि मिठागरं सुरू झाली. फेब्रुवारीचं ऊन पाण्यावरून सरळ डोळ्यात येत होतं, मिठाचे पांढरे ढीग, बांधावरून टोपल्या नेणारी माणसं. किमयाचं घर शेवटचं. दारात तिची आई उभी होती, इंदुबाई, मिठानं भेगाळलेल्या पायांची.

“काय केलान माझ्या पोरीनं?” तिनं आधी विचारलं.

“काही नाही केलं,” नूतन म्हणाली. “आमचंच चुकलंय.”

किमया आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सुरभी आत जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसली. नूतन उंबऱ्यापर्यंत गेली, पण मुलीनं तिला बघून मान फिरवली, तेव्हा ती मागं फिरून पडवीत येऊन बसली. इंदुबाईनं चहा आणला. आतून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग किमयाचा आवाज, तुटक. वाचलेलं डोक्यात राहत नाय. झोप नाय दोन महिने. दोन विषय गेलेत, मामी रोज बोलते, घरी सांगायचं तर आई-बाप उन्हात मीठ ओढतात माझ्यासाठी. आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतंय. इंदुबाईच्या हातातली बशी जमिनीवर टेकली. सुरभीनं स्पष्ट विचारलं, शांतपणे, तसं काही करायचं मनात आहे का. किमया रडायला लागली. मोठ्यानं, मोकळं, लहान पोरासारखं. इंदुबाई उठून आत धावली.

नूतन पडवीत एकटी राहिली. तिला हायसं वाटलं, रडू आलं, आणि त्या दोन्हींच्या मधून ते नेहमीचं दुखणंही आलंच: हे रडणं सुरभीपुढं रडलं गेलं. ते पोर माझ्या खिडकीशी आलं होतं. माझ्याकडं आलं होतं. तिनं थंड चहा एका घोटात संपवला आणि कप उपडा घातला.

तासाभरानं तिघी बाहेर आल्या. सोमवारी आई तिला डॉक्टरबाईंकडं नेणार होती. सुरभी पेणला येऊन थांबणार होती. परीक्षेचं नंतर बघू, असं ठरलं होतं. किमयाचे डोळे सुजले होते. हातात दाखला होता, चार घड्या घातलेला. त्या घड्या बघून नूतनला उठवेना. तरी ती उठली, पुढं झाली आणि हात पसरला.

“तो दे, बाय. रद्द करून टाकते. तुझं नाव पटावर जसंच्या तसं राहील.”

किमयानं दाखला दिला नाही. पहिल्यांदाच तिनं सरळ नूतनच्या डोळ्यांत पाहिलं, काल जाळीतून पाहिलं होतं तसंच.

“पोरी सांगतात, मोकल मॅडम कोणालाच लगेच दाखला देत नायत,” ती म्हणाली. “परवा ये म्हणतात, बसवून घेतात. सगळ्या पोरींना ठावं हाय. म्हणूनच मी तुमच्या खिडकीला आलते.” तिचा आवाज चढला नाही. “मी उभी राहिलते किती वेळ. तुम्ही म्हणालाच नाय.”

सुरभी नूतनकडं बघत होती. ‘परवा ये’च्या मागं काय आहे हे तिला माहीत नव्हतं. नूतनचा हात तसाच पसरलेला राहिला. बांधावरून कोणीतरी इंदुबाईला हाक मारत होतं आणि इंदुबाई जात नव्हती.

किमयानं दाखला ओढणीच्या टोकात बांधला. गाठ मारली, ओढून पाहिली.

“परवा या,” ती नूतनला म्हणाली.

परवा शनिवार होता. नूतनला त्या शब्दांचा अर्थ सांगायला कोणी लागणार नव्हतं. आज देत नाही, पण आज तुला सोडतही नाही, एवढाच तो अर्थ. अकरा वर्षं तिनं तो पोरांना न सांगता सांगितला होता. लाजेनं तिचे कान तापले. आणि खोटं कशाला बोला, त्या लाजेच्या अगदी तळाशी एक बारीक, हावरा आनंद होता की हे सुरभीला नाही, आपल्याला सांगितलं गेलं. तो तिनं ओळखला, आणि तो असतानाच हात मागं घेतला.

“येते,” ती म्हणाली. “बसायला काहीतरी ठेव.”